स्त्रिया, वजन आणि बळ: काही गैरसमज व वस्तुस्थिती

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत स्त्रीने वजन उचलणे ही नवलाची गोष्ट कधीच नव्हती. नवल वाटते ते तिने व्यायाम म्हणून, स्वतःसाठी आणि ठरवून चढत्या क्रमाने वजन उचलण्याचे. पंधरा लिटरची भरलेली घागर भांड्याचे वजन धरून सोळा-सतरा किलोंची होते, आणि २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हाही नळापासून किंवा टँकरपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बहुतेक घरांत बायकांच्याच डोक्यावर होता. ऊसतोडीच्या फडात मोळी डोक्यावर घेऊन ती गाडीपर्यंत नेणारी, किंवा सोयाबीनच्या राशीवर दिवसभर वाकून राबणारी स्त्री कोणाला पुरुषी वाटत नाही. मात्र त्याच घरातील मुलीने व्यायामशाळेत बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या अडकविलेली लोखंडी दांडी, उचलायची म्हटले की शरीर बेढब होईल, गर्भाशय खाली सरकेल, पाळी बिघडेल, उंची खुंटेल अशा शंका एकामागून एक पुढे येतात. यांपैकी काही शंका निखालस चुकीच्या आहेत, तर काहींत तथ्याचा अंश असून तो भलत्याच जागी लावला गेला आहे.

प्रथम दोन संज्ञा वेगळ्या करणे आवश्यक आहे. भारोत्तोलन हा ऑलिंपिकमधील क्रीडाप्रकार असून त्यात स्नॅच, म्हणजे जमिनीवरची दांडी एका झटक्यात थेट डोक्यावर नेणे, आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे ती आधी खांद्यापर्यंत व मग डोक्यावर नेणे, अशा दोनच कृती मोजल्या जातात. भार-प्रशिक्षण ही त्याहून व्यापक कल्पना आहे: डंबेल, बारबेल, यंत्र किंवा स्वतःच्या शरीराचे वजन वापरून स्नायूंना त्यांच्या सवयीपेक्षा अधिक जोर लावावयास भाग पाडणारा कोणताही आखलेला व्यायाम तिच्यात येतो. येथे ‘सवयीपेक्षा अधिक’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण ‘शेतात आणि घरात एवढे राबल्यावर वेगळ्या व्यायामाची गरज काय’ या सर्वांत प्रतिष्ठित गैरसमजाचे उत्तर त्यांत आहे. स्नायू आणि हाडे भाराशी जुळवून घेतात, आणि एकदा जुळवून घेतले की तोच भार वर्षानुवर्षे वाहिला तरी त्यांत नवे बळ फारसे येत नाही; येतो तो थकवा, आणि पुष्कळदा कंबर, मान व गुडघे यांची झीज. प्रशिक्षणात भार हळूहळू चढविला जातो, उजव्या-डाव्या बाजूंना समान काम दिले जाते आणि दोन सत्रांच्या मध्ये विश्रांती असते, कारण स्नायूंची बांधणी व्यायाम चालू असताना होत नसून त्यानंतरच्या विश्रांतीत आणि आहारातून होते. मजुरीत मात्र भार किती, किती वेळ आणि कोणत्या स्थितीत, हे कामच ठरविते, आणि विश्रांती ही तर खाड्याच्या, म्हणजे बुडालेल्या मजुरीच्या, भीतीने नाकारली जाते.

वजन उचलल्याने स्त्रीचे शरीर पुरुषासारखे होते, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि शरीरशास्त्राच्या कसोटीवर तोच सर्वांत कमी टिकतो. स्नायूंचा आकार वाढण्यात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा, म्हणजे रक्तातून फिरणाऱ्या रासायनिक संदेशवाहकाचा, मोठा वाटा असतो. प्रौढ पुरुषांच्या एक डेसिलिटर रक्तात ते साधारणपणे ३०० ते १००० नॅनोग्रॅम असते, तर स्त्रियांत १५ ते ७० च्या आसपास. व्यायामाने ही दरी बुजत नाही. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, असलेल्या स्त्रियांत हे प्रमाण काहीसे वाढलेले असले तरी ते सामान्यतः पुरुषांच्या पातळीपर्यंत जात नाही, आणि भार-प्रशिक्षणामुळे स्नायूंकडून साखरेचा वापर सुधारत असल्याने अशा स्त्रियांना तर ते विशेष उपयोगी पडते. शरीरसौष्ठव स्पर्धांतील ज्या प्रतिमा पाहून पालक धास्तावतात, त्यांच्यामागे अनेक वर्षांचे एकाच ध्येयाचे प्रशिक्षण, काटेकोर आहार आणि कित्येकदा बाहेरून घेतलेली संप्रेरके असतात. आवाज घोगरा होणे, चेहऱ्यावर राठ केस येणे हे परिणाम अशा औषधांचे आहेत, लोखंडाचे नव्हेत. त्यांतील काही कायमचे राहतात, आणि व्यायामशाळेत कोणी इंजेक्शन किंवा अनोळखी गोळी सुचविली तर भीती बाळगायची ती तेथे.

बळ आणि आकार यांचा संबंध वाटतो तितका सरळ नसतो, हे भारोत्तोलनातील आकड्यांवरून स्पष्ट होते. मीराबाई चानू हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये, जे २०२१ मध्ये भरले, ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळविताना स्नॅचमध्ये ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ११५ असे एकूण २०२ किलो उचलले. म्हणजे एका उचलीत तिने स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार डोक्यावर नेला. महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर मावळातील वडगावची हर्षदा गरुड हिने मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिओन येथे ४५ किलो गटात एकूण १५३ किलो उचलून जागतिक कनिष्ठ गटाच्या अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले, आणि त्या स्पर्धेत सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय ठरली. पंचेचाळीस किलोंची मुलगी रस्त्यातून चालली तर तिला कोणी पहिलवान म्हणणार नाही. याचे कारण असे की बळ केवळ स्नायूंच्या जाडीतून येत नाही: पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यत्वे मज्जासंस्थेची असते, म्हणजे मेंदू एकाच वेळी अधिक स्नायुतंतूंना कामाला लावण्यास आणि त्यांना अधिक वेगाने आज्ञा देण्यास शिकतो, तर स्नायूंचा आकार डोळ्यांना जाणवण्याइतका बदलण्यास सामान्यतः दोन-तीन महिने लागतात.

याला लागूनच दुसरा समज येतो, की बायकांच्या हातांत मुळातच जोर नसतो आणि व्यायामानेही तो यायचा नाही. सरासरी पाहता अप्रशिक्षित स्त्रीच्या कमरेवरच्या शरीराचे बळ पुरुषाच्या निम्म्याहून किंचित अधिक आणि पायांचे बळ सुमारे दोन-तृतीयांश असते, हे खरे. पण हा प्रारंभबिंदूचा फरक आहे, प्रगतीच्या वेगाचा नव्हे. समान प्रशिक्षण दिलेल्या स्त्री-पुरुषांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आपापल्या मूळ स्थितीच्या प्रमाणात स्नायूंची वाढ दोघांत सारखी आढळली, आणि कमरेवरच्या शरीराच्या बळाची सापेक्ष वाढ तर स्त्रियांत अधिक दिसली. नांदेड जिल्ह्याला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. येथील भाग्यश्री जाधव ही दिव्यांग खेळाडू एफ-३४ या वर्गात, म्हणजे स्नायूंवरील नियंत्रण बाधित असल्याने बसून फेक करणाऱ्या खेळाडूंच्या वर्गात, गोळाफेक करते. हांगझोऊ येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्‌घाटनात सुमित अंतिल याच्यासह भारताचा ध्वज तिच्या हाती होता. पायांचा रेटा मिळत नसताना धड, खांदे आणि दंड यांतून निर्माण होणाऱ्या ताकदीवरच अशी फेक उभी असते.

वजनकाट्याविषयीचे गैरसमज मात्र दोन्ही बाजूंचे आहेत. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात काटा खाली येण्याऐवजी एखाद-दीड किलोने वर गेला म्हणून अनेक जणी तो सोडतात. वस्तुतः स्नायू अधिक साखर साठवू लागले की तिच्याबरोबर पाणीही धरून ठेवतात, आणि काटा चरबी, स्नायू व पाणी यांत भेद करीत नाही. कमरेचा घेर मोजणे अधिक खरे. उलट बाजूने व्यायामशाळांच्या जाहिराती असे भासवितात की स्नायू वाढले की झोपेतही चरबी भराभर जळते. विश्रांतीच्या अवस्थेत एक किलो स्नायू दिवसाला जेमतेम १३ किलोकॅलरी वापरतो, तेव्हा दोन किलो स्नायू कमावणाऱ्या स्त्रीची ही ‘कमाई’ चतकोर भाकरीहूनही कमी भरते. पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी उतरत नाही, आणि व्यायाम सोडल्यावर स्नायूंची चरबी होत नाही, कारण त्या दोन भिन्न ऊती आहेत. एक आटतो आणि खाणे तेच राहिल्यास दुसरी वाढते, एवढेच.

‘अंग बाहेर येते’ या भीतीचा विचार अधिक सावधपणे करावा लागतो, कारण ती अनुभवातून आलेली आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक झुला असतो आणि गर्भाशय, मूत्राशय व मलाशय यांना तो पेलून धरतो. बाळंतपणात हा झुला ताणला जातो, आणि तो पूर्ववत होण्याआधीच हंडे, सरपण किंवा मोळ्या उचलाव्या लागल्या, त्यात जुना खोकला, बद्धकोष्ठ आणि वारंवारची बाळंतपणे यांची भर पडली, तर गर्भाशय खाली सरकण्याचा धोका वाढतो. गावातील जुन्याजाणत्या बाया बाळंतिणीला जड उचलू देत नाहीत ते योग्यच आहे. चूक होते ती या निरीक्षणाचा अर्थ ‘स्त्रीने जड उचलूच नये’ असा लावण्यात. व्यायाम म्हणून वजन उचलणाऱ्या स्त्रियांच्या एका मोठ्या सर्वेक्षणात पन्नास किलोंहून अधिक भार उचलणाऱ्यांनी अशा लक्षणांची तक्रार पंधरा किलोंपर्यंतच थांबणाऱ्यांपेक्षा कमी केली. अशा सर्वेक्षणातून कारण सिद्ध होत नाही, कारण त्रास असणाऱ्या स्त्रिया आपण होऊनच हलके वजन निवडत असतील, पण जड वजन म्हणजे हमखास इजा हा समज त्यातून नक्कीच डळमळतो. जोर लावताना थेंब-थेंब लघवी होणे ही मात्र स्पर्धात्मक भारोत्तोलक स्त्रियांतही बऱ्यापैकी आढळणारी तक्रार आहे. ती लपविण्यापेक्षा श्वास रोखण्याची सवय सुधारणे, तळाच्या स्नायूंचा आकुंचन-प्रसरणाचा व्यायाम करणे आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखविणे हिताचे ठरते.

गर्भाशयाविषयीच्या अज्ञानाची किंमत याच पट्ट्याने मोजलेली आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. कंबरदुखी, पांढरे जाणे आणि पाळीचा त्रास यांवर ‘पिशवी काढून टाकणे’ हा उपाय मानण्यात जो धोका दुर्लक्षित राहिला, तो हाडांचा: गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले गेले तर इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी आटते आणि हाडे घट्ट राखणारा आधार तिशी-पस्तिशीतच जातो. एरवीही भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या वयात थांबते, आणि त्यानंतरची काही वर्षे हाडांची झीज सर्वांत वेगाने होते.

आणि नेमक्या याच वयात स्त्रीला ‘आता जपून, जड उचलू नका’ असे सांगितले जाते. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात पाळी थांबलेल्या आणि हाडे विरळ झालेल्या सुमारे शंभर स्त्रियांवर एक चाचणी झाली. त्यांतील एका गटाला आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खऱ्या अर्थाने जड वजन, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८५ टक्क्यांहून अधिक, उचलावयास दिले आणि दुसऱ्या गटाला घरी हलका व्यायाम करावयास सांगितले. पहिल्या गटात कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली, तर दुसऱ्यात १.२ टक्क्यांनी घटली, आणि जड वजनाच्या गटात नोंदली गेलेली इजा म्हणजे एकीच्या कंबरेत भरलेली किरकोळ उसण. हाड ही जिवंत ऊती असून ती पुरेशा ताणाला प्रतिसाद देते. चालणे हृदयाला चांगले, पण रोजच्या चालण्याचा ताण हाडाला नवा नसतो. सुरुवात अर्थातच हलक्या वजनाने आणि कृती नीट शिकूनच करावयाची असते, त्या चाचणीतही तसेच केले होते.

मुलींच्या पाळीचा आणि उंचीचा प्रश्न त्या मानाने लवकर सुटतो. देखरेखीखाली केलेल्या भार-प्रशिक्षणाने हाडांची वाढ थांबते असा पुरावा नाही. भारोत्तोलक बुटके दिसतात कारण या खेळात आखूड हातपाय सोयीचे पडतात आणि तशीच मुले त्यात टिकतात. पाळी अनियमित होते ती वजनामुळे नव्हे, तर श्रमाच्या मानाने खाणे कमी पडल्यामुळे. लातूर आणि नांदेडमध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी दिवसाचे दहा-बारा तास अभ्यासिकेत बसणाऱ्या हजारो मुलींच्या बाबतीत तर काळजीचे कारण नेमके उलट आहे, कारण हाडांची बहुतांश घनता विशीच्या आत कमावली जाते आणि त्या वर्षांत त्या खुर्चीतून उठत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत प्रौढांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे, आणि किशोरवयीनांसाठी तीन.

आहाराशिवाय यातले काहीच घडत नाही, आणि त्यासाठी महागड्या प्रथिनांच्या डब्यांची गरज असते हाही एक गैरसमजच. सामान्य प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजनाचा व्यायाम करणाऱ्याला १.६ ग्रॅमपर्यंत त्यांचा उपयोग होतो. लातूरच्या बाजारपेठेची ओळखच ज्या तुरीवर आणि सोयाबीनवर आहे, त्यांतील तुरीच्या शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम आणि सोयाबीनमध्ये त्याच्या दीडपटीहून अधिक प्रथिने असतात. अडचण पिकाची नसून ताटाची आहे, कारण घरात सर्वांचे झाल्यावर जेवणारीच्या वाट्याला डाळीचे पाणी उरते. त्याहून मोठा अडसर रक्ताचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमच्या खाली असेल तर स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो, दम लवकर लागतो आणि व्यायामाचा पुरेसा लाभ मिळत नाही. म्हणून बारबेलला हात लावण्याआधी रक्ताची तपासणी करून घेणे आणि कमतरता असल्यास लोहाच्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करणे, हा या प्रशिक्षणाचा पहिला भाग मानला पाहिजे.