विस्मरण, व्याधी आणि मेंदूची चित्रे

नोव्हेंबर महिना आला की बँकेत हयातीचा दाखला देण्यासाठी निवृत्तिवेतनधारकांची रांग लागते. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी आमच्या वस्तीतले, रेल्वेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध गृहस्थ खिडकीशी आले. सकाळी त्यांनी दाखल्यावर सही केली होती. दुपारी ते पुन्हा आले आणि दाखला द्यायचा आहे म्हणाले. "बाबा, तुम्ही सकाळीच येऊन गेलात," असे आम्ही सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "मी तर आत्ताच घरून निघालो." रांगेतले काही जण हसले. बाबा मात्र घाबरले होते. पुढे कळले की घरच्यांनी ते "म्हातारचळ" म्हणून सोडून दिले होते आणि एका नातेवाइकाने तर देवऋषाकडे नेण्याचा सल्ला दिला होता.

देवऋषी सोडून ज्या समाजाने विवेकाचा धम्म स्वीकारला, त्या समाजात असे घडावे याची खंत वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही डॉक्टर नव्हे, कला शाखेचे पदवीधर आहोत. तरीही वाचून व जाणकारांना विचारून जे समजले, ते सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

व्याधीची ओळख

1901 साली जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यासमोर ऑगस्ट डेटर नावाची 51 वर्षांची स्त्री रुग्ण म्हणून आली. तिला साध्या वस्तूंची नावे आठवत नसत. स्वतःचे नाव लिहिताना ती मध्येच थांबे. 1906 साली तिचे निधन झाले. डॉ. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तेव्हा त्यांना दोन गोष्टी दिसल्या. पेशींच्या बाहेर एका पदार्थाची पुटे साचली होती आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. ही पुटे 'अमायलॉइड' नावाच्या प्रथिनाची आणि गुंते 'टाऊ' नावाच्या प्रथिनाचे, हे पुष्कळ नंतर उलगडले. 1910 साली या आजाराला अल्झायमर यांचे नाव मिळाले.

म्हणजे हे वेड नव्हे, करणी नव्हे आणि मागल्या जन्मीचे पापही नव्हे. मेंदूत घडणारा हा शारीरिक बदल आहे. अडचण एवढीच होती की तो बदल माणूस गेल्यानंतरच पाहता येई. जिवंत माणसाच्या कवटीच्या आत डोकावायचे कसे, हा प्रश्न पुढे कित्येक दशके तसाच राहिला.

कवटीच्या आतले दर्शन

पहिला मोठा टप्पा म्हणजे सीटी स्कॅन. इंग्लंडचे अभियंते गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने 1971 साली लंडनमध्ये पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले गेले. या शोधासाठी त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना 1979 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एमआरआय आले. त्यात क्ष-किरण लागत नाहीत. प्रबळ चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने मेंदूचे फार बारकाईचे चित्र मिळते.

दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर 'हिप्पोकॅम्पस' नावाचा एक लहानसा भाग असतो. नवी आठवण साठवण्याच्या कामी तो फार महत्त्वाचा आहे. अल्झायमरमध्ये हा भाग बहुधा लवकर आक्रसू लागतो आणि एमआरआयमध्ये ते दिसते. सकाळची सही बाबांना दुपारी आठवली नाही, पण चाळीस वर्षांपूर्वीची स्टेशनांची नावे ते ओळीने सांगत, त्यामागचे कारण असे असू शकते. जुने साठवलेले बराच काळ टिकते, पण नवे साठतच नाही.

सीटी आणि एमआरआय यांचा आणखी एक उपयोग आहे आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. विस्मरणाचे कारण दर वेळी अल्झायमर असतेच असे नाही. पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, अर्धांगाचा लहानसा झटका किंवा गाठ यांमुळेही माणूस विसरू लागतो. थायरॉइडचा बिघाड आणि 'ब-12' जीवनसत्त्वाची कमतरता रक्ततपासणीत कळते. यांपैकी काही कारणांवर चांगला उपचार आहे. "वय झाले" म्हणून घरी बसवलेला माणूस कदाचित बरा होण्यासारखाही असेल!

पेट स्कॅन : मेंदूचे काम दाखवणारे चित्र

एमआरआय मेंदूची घडण दाखवतो. पेट स्कॅन त्याचे काम दाखवतो. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के असले तरी शरीराची सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. किंचित किरणोत्सारी केलेली साखर शिरेतून दिली की मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तो जास्त साखर ओढतो आणि चित्रात उजळ दिसतो. अल्झायमरच्या रुग्णात मेंदूचे ठरावीक भाग मंद दिसतात. भारतात पेट तपासणीची आणि त्यासाठी लागणाऱ्या वैद्यकीय सायक्लोट्रॉनची सुरुवात 2002 साली मुंबईत परळ येथे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाली. तिचा मुख्य उपयोग कर्करोगासाठी होतो, परंतु तंत्र तेच आहे.

पुढचे पाऊल अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. विल्यम क्लंक व डॉ. चेस्टर मॅथिस यांनी टाकले. अमायलॉइडला रंगवणारा एक रंग प्रयोगशाळेत पूर्वीपासून वापरात होता. त्याच्या रचनेत फेरफार करून त्यांनी मेंदूत पोहोचणारा आणि अमायलॉइडला चिकटणारा पदार्थ तयार केला. तो 'पिट्सबर्ग संयुग' म्हणून ओळखला जातो. स्वीडनमधील उप्साला येथे 2002 साली तो पहिल्यांदा एका रुग्णाला देण्यात आला. 16 रुग्णांवरील निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाले आणि डॉ. अल्झायमर यांनी मृत मेंदूत पाहिलेली पुटे जिवंत माणसात दिसू लागली. या पदार्थातील किरणोत्सार दर 20 मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून सायक्लोट्रॉन जवळ असेल तेथेच तो वापरता येई. पुढे जास्त टिकणारे पदार्थ आले. 2020 साली टाऊचे गुंते दाखवणाऱ्या पदार्थालाही अमेरिकेत मान्यता मिळाली.

2004 सालीच अमेरिकेत या विषयाचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात रुग्ण आणि निरोगी वृद्ध स्वेच्छेने सहभागी झाले. वर्षानुवर्षे त्यांच्या तपासण्या झाल्या आणि ती माहिती जगभरच्या संशोधकांना खुली करण्यात आली. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हे दानच होय.

चित्रांनी काय शिकवले?

पहिली गोष्ट अशी की अमायलॉइड साचण्याची सुरुवात लक्षणे दिसण्यापूर्वी 15 ते 20 वर्षे होते. सत्तरीत दिसणारा आजार पन्नाशीतच आत शिरलेला असतो. दुसरी गोष्ट अशी की अमायलॉइड साचलेले असूनही अनेक वृद्धांची बुद्धी शाबूत असते. विस्मरणाची तीव्रता अमायलॉइडपेक्षा टाऊच्या पसरण्याशी अधिक जुळते. म्हणजे चित्र पाहून माणसाचे भविष्य वर्तवता येत नाही.

याला दुजोरा देणारा एक अभ्यास अमेरिकेतील ख्रिस्ती धर्मभगिनींचा आहे. डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी 1986 साली तो सुरू केला. 678 भगिनींनी दरवर्षी स्मरणशक्तीची चाचणी देण्याचे आणि मरणोत्तर मेंदू दान करण्याचे मान्य केले. त्यांतील काहींच्या मेंदूत पुटे व गुंते भरपूर आढळले, तरी हयातीत त्यांची बुद्धी तल्लख होती. शिक्षण, वाचन, लेखन आणि माणसांची सोबत यांतून मेंदूत एक प्रकारची शिल्लक जमा होत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, खात्यात शिल्लक असली की एखादा मोठा खर्च निभावतो.

आपल्यासाठी याचा अर्थ

भारतातील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार साठ वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण स्त्रियांत, शाळेत न गेलेल्यांत आणि खेड्यात अधिक आढळले. वाचकहो, हे वर्णन कोणाचे आहे? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्या आपल्या आया-आज्यांचे! डॉ. बाबासाहेबांनी "शिका" हा आदेश दिला तेव्हा नोकरी आणि स्वाभिमान आपल्या डोळ्यांसमोर आले. त्याच शिक्षणाने म्हातारपणी मेंदूचेही काही अंशी रक्षण होते, हे आता विज्ञान सांगत आहे. शिक्षण नाकारण्याचा अन्याय किती खोल जातो ते यावरून कळावे.

2024 साली जागतिक तज्ज्ञांच्या 'लॅन्सेट' आयोगाने म्हटले की स्मृतिभ्रंशाचे सुमारे 45 टक्के रुग्ण टाळण्याजोग्या 14 कारणांशी निगडित आहेत. अल्पशिक्षण, बहिरेपणा, अधू दृष्टी, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव आणि एकटेपणा ही त्यांतली काही. पंचशीलातले पाचवे शील येथेही उपयोगी पडते!

औषधांचे काय? 2023 साली अमेरिकेत 'लेकॅनेमॅब' या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. सुमारे 1800 रुग्णांच्या चाचणीत 18 महिन्यांत ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी झाला. पण गेलेली स्मृती परत येत नाही. औषध सुरुवातीच्या अवस्थेतच चालते. मेंदूला सूज येण्याचा वा रक्तस्रावाचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. तेव्हा "खात्रीने बरा करतो" असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे.

मग आपण काय करावे? निरोगी माणसाने भीतीपोटी महागडा पेट स्कॅन करून घेऊ नये. घरातील वडीलधारे तेच तेच विचारू लागले, ओळखीच्या रस्त्यावर चुकू लागले, हिशेबात गोंधळू लागले, तर मात्र सरकारी रुग्णालयाच्या मेंदूविकार वा मानसोपचार विभागात दाखवावे. ऐकू येत नसेल तर श्रवणयंत्र घ्यावे. रक्तदाब तपासावा. आणि आमच्या अनुभवाची एक सूचना : समज शाबूत आहे तोवरच बँकेतील वारसनोंद व संयुक्त खात्याची व्यवस्था करून घ्यावी, कारण समज गेल्यावर साधे मुखत्यारपत्रही कायद्याने चालत नाही.

शेवटी एक प्रसंग. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडून होता व इतर भिक्खू त्याच्याकडे पाहत नव्हते, तेव्हा तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगून स्वतः त्याला स्नान घातले. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे त्यांनी संघाला समजावले. ज्याला स्वतःचे नावही आठवत नाही, तो या सेवेचा पहिला हक्कदार आहे. रविवारी विहारात वंदनेला जमतो तेव्हा कोण वृद्ध आले नाहीत याची चौकशी आपण करावी. त्यांच्याजवळ बसावे, जुन्या गोष्टी ऐकाव्यात आणि तीच गोष्ट दहाव्यांदा सांगितली तरी हसू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!