लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?



माहितीपट म्हटलं की आपल्यातल्या थोरल्या बायकांना थिएटरमधली फिल्म्स डिव्हिजनची रीळ आठवते. १९४८ साली सुरू झालेली ही सरकारी संस्था धरणं, कारखाने, पुढारी दाखवायची आणि मागून एक भारदस्त आवाज सगळं समजावून सांगायचा. आज आम्ही सांगतोय ते माहितीपट निराळे. त्यात एखादं घर, एक-दोन माणसं आणि एकच प्रश्न: मी कोण?

निष्ठा जैन यांचा २००७ सालचा ‘लक्ष्मी अँड मी’ बघा. मुंबईत त्यांच्याच घरी काम करणाऱ्या २१ वर्षांच्या लक्ष्मीवर त्यांनी कॅमेरा धरला. चित्रीकरण चालू असतानाच ती आजारी पडते, प्रेमात पडते, आई होते. पण बघता बघता प्रश्न मालकिणीवरही येतो: रोज घरी येणाऱ्या या मुलीला मी किती ओळखते? पुष्पा रावत यांनी ‘निर्णय’मध्ये (२०१२) गाझियाबादच्या आपल्याच घरात आणि मैत्रिणींमध्ये कॅमेरा नेला. बाईच्या आयुष्याचे निर्णय घेतं कोण, एवढंच त्या विचारतात.

असे सिनेमे थिएटरात क्वचितच लागतात. ते फिल्म सोसायटीत, कॉलेजात किंवा मुंबईत १९९०पासून भरणाऱ्या माहितीपट महोत्सवात दिसतात. तरी बघणारीला ते धरून ठेवतात, कारण त्यात कुणी उपदेश करत नाही. भांडी घासता घासता बाई मध्येच गप्प होते, तेही दिसतं. आणि आपल्याला आपलीच माणसं आठवतात.

भिवंडीत आपली ओळख काय? लूमवर कांडी भरणारी, गोडाऊनमध्ये पॅकिंग करणारी, अमक्याची बायको, तमक्यांची सून. आमच्यातली एक म्हणाली, “माझ्यात दाखवण्यासारखं आहे तरी काय?” आणि मग अर्धा तास बोलत राहिली. माहेरचं नाव लग्नात बदललं, इथूनच तिने सुरुवात केली.

फोन आता घरोघरी आहे. कुणाची गोष्ट त्यात घ्यायची असेल तर आधी तिला विचारा. झाल्यावर पहिल्यांदा तिलाच दाखवा. “एवढं नको” म्हणाली, तर तेवढं काढून टाका. घर तिचं, राहायचंही तिलाच आहे.

फोन नसला तरी अडत नाही. आज जेवणं झाली की सासूबाईंजवळ बसा आणि विचारा, “आई, माहेरी तुम्हाला काय हाक मारायचे?”