डिझेल वाढवण्याआधी हवा बघा

"मिस्त्रीभाऊ, घाटात गाडी ओढत नाही जी. डिझेल जरा वाढवून द्या." सदरमध्ये ट्रकचे डिझेल पंप दुरुस्त करताना ही मागणी मी कितीदा ऐकली असेल! नागपूरहून सिवनीकडे माल नेताना कुरई घाट लागतो. तिथे गाडी दमली, की दोष पंपाला दिला जातो.

पण इंजिन नुसत्या डिझेलवर चालत नाही. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात त्याहून जास्तच द्यावी लागते. ती टर्बो पुरवतो. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूंवर त्याचं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात हवा विरळ होते. 15 अंशांना जेवढी हवा मावते, त्यापेक्षा सुमारे एक दशांश कमीच तेवढ्या जागेत मावते.

जुन्या पंपावर जास्तीत जास्त किती डिझेल जाईल हे ठरवणारा स्क्रू असतो. त्याला सील असतं. टर्बोच्या बऱ्याच पंपांवर एक पडदाही असतो. बारीक नळीतून टर्बोच्या हवेचा दाब त्यावर येतो. दाब वाढला, तरच जास्त डिझेल सुटतं.

शिकाऊ असताना मी एकदा सील तोडून स्क्रू फिरवून दिला. गाडीला जोर आला, मालक खूश झाला. मागून निघणारा काळा धूर, म्हणजे हवेअभावी अर्धवट जळालेलं डिझेल, दोघांनीही मनावर घेतला नाही. महिनाभरात गाडी ओढून आणावी लागली. पिस्टनचा माथा वितळला होता. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी होज चिरलेला होता. पंप मुळात ठीक होता. त्या माणसाचा तो एकुलता एक ट्रक, आणि कर्जाचे हप्ते काही थांबत नव्हते.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. आधी एअर फिल्टर, मग होज, मग ती बारीक नळी आणि पडदा. हे सगळं ठीक असेल, तरच पंप उतरवून टेस्ट बेंचवर चढवायचा आणि प्रत्येक सिलिंडरला जाणारं डिझेल काचेच्या नळ्यांत मोजून सारखं करायचं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. नव्या ट्रकमध्ये डिझेलचं माप संगणक ठरवतो, तो स्क्रू राहिलेला नाही. होज मात्र अजून रबराचाच आहे, आणि तो अजूनही चिरतो.