२०४५ मध्ये गोरे अल्पसंख्य? आकड्यामागचे चार गैरसमज

अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१८ मध्ये अंदाज मांडला, की २०४५ च्या सुमारास देशातले गोरे निम्म्याहून कमी होतील. तेव्हापासून स्थलांतरितांवरच्या प्रत्येक वादात हा आकडा डोकावतो. आपलीही कितीतरी मुलंबाळं तिथे आहेत. म्हणून तो नीट वाचायला हवा.

गैरसमज : गोऱ्यांचं बहुमत संपणार, हे ठरलेलंच आहे.
वस्तुस्थिती : या हिशेबात हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषी देशांत मूळ असलेले) नसलेले आणि फक्त ‘गोरा’ हा एकच वंश सांगणारेच धरले आहेत. स्वतःला गोरे म्हणवणारे हिस्पॅनिकही मोजले, तर २०६० मध्येही बहुमत टिकतं. शिवाय ‘गोरा कोण’ ही रेघ माणसांनीच आखलेली आहे. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतातून गेलेल्या भगतसिंग थिंड यांना ‘गोरे नाहीत’ म्हणून नागरिकत्व नाकारलं.

गैरसमज : परदेशींचं इतकं प्रमाण पूर्वी कधीच नव्हतं.
वस्तुस्थिती : परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण १८९० मध्ये १४.८ टक्के होतं, १९७० मध्ये ४.७ आणि २०२३ मध्ये १४.३. बदलले ते येणाऱ्यांचे देश. १९६५ पूर्वी भारताचा वार्षिक कोटा जेमतेम शंभरचा होता. त्या वर्षीच्या कायद्याने देशवार कोटापद्धत मोडली आणि मराठी डॉक्टर-इंजिनिअरांनाही वाट मिळाली.

गैरसमज : गोरेपण जपणारा प्रत्येक जण वंशद्वेष्टा असतो.
वस्तुस्थिती : राज्यशास्त्राच्या अभ्यासक अ‍ॅशली जार्डिना यांनी २०१९ च्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. अनेकांच्या मनात काळ्यांविषयी आकस नसतो. आपल्या गटाचं स्थान ढळेल, ही धास्ती असते. मात्र त्याच धास्तीतून ते स्थलांतराला विरोध करतात. मनात द्वेष नसला, तरी झळ नव्याने येणाऱ्यालाच बसते.

गैरसमज : परदेशी जितके जास्त, तितका रोष जास्त.
वस्तुस्थिती : डॅनियल हॉपकिन्स यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार, वस्ती झपाट्याने बदलते आणि त्याच वेळी देशाच्या राजकारणात हा विषय तापलेला असतो, तिथे विरोध उफाळतो. बातमी कशी सांगितली जाते, यानेही फरक पडतो. ‘गोरे अल्पसंख्य होणार’ एवढंच वाचलेले गोरे अधिक पुराणमतवादी भूमिकांकडे झुकले, असं २०१४ च्या प्रयोगांत दिसलं. मिश्र विवाहांमुळे गोऱ्यांचा वर्ग विस्तारतो आहे, अशी बातमी वाचणाऱ्यांची चिंता कमी होती, असं २०१८ च्या अभ्यासात आढळलं.

लोकसंख्या तीच, पण एका मांडणीतून भीती वाढते आणि दुसरीतून ओसरते. म्हणून असा आकडा पुढे आला, की तो पसरवण्याआधी एवढं विचारावं : यात कोणाला कोणत्या रकान्यात बसवलं आहे?