उरल्यासुरल्याची चव

मिरीसाठी ज्या पोर्तुगालने अर्धी पृथ्वी पालथी घातली, त्याच्या घरच्या जेवणात मसाला जवळजवळ नाहीच. लिस्बनच्या बेलेम भागातला जेरोनिमोस मठ मसाल्याच्या व्यापारावरच्या करातून उभा राहिला. वास्को द गामाची कबरही तिथेच आहे. ती बघून बाहेर पडावं आणि जवळच्या खानावळीत बसावं, तर ताटात लसूण, मीठ, तमालपत्र आणि सढळ हाताने घातलेलं ऑलिव्हचं तेल. पाठीवर सॅक टाकून आम्ही मित्रमंडळी लिस्बन, एव्होरा, पोर्तो अशी हिंडलो, तेव्हा पहिले काही दिवस सगळ्यांची हीच तक्रार होती : मिळमिळीत. माझं मत पुढे बदललं. या स्वयंपाकाची खुबी मसाल्यात नाही, काटकसरीत आहे. इथले बरेचसे नामांकित पदार्थ उरल्यासुरल्यातून निघालेत.

पाश्तेल द नाता, म्हणजे ते जगप्रसिद्ध अंड्याचं टार्ट, घ्या. मठांमध्ये अंड्यातलं पांढरं कपड्यांना खळ घालायला आणि वाईन निवळायला वापरत. मग बलकांचं करायचं काय? साखर आधी मदेराहून आणि मग ब्राझीलहून येत होतीच. १८३४ मध्ये सरकारने मठ बंद केले, आणि १८३७ पासून जेरोनिमोसच्या शेजारी हे टार्ट विकलं जाऊ लागलं. दुकान आजही चालू आहे. गोव्याचा बेबिंका खाल्लेल्यांना बलकांचा हा हिशेब नवा नाही. टार्ट गरम असतानाच खावं. वरच्या मलईवर भट्टीचे काळे डाग पडलेले असतात, कडा दाताखाली चुरचुरतात, आणि दालचिनीची पूड व पिठीसाखर आपली आपण भुरभुरायची. अख्ख्या जेवणात मसाल्याचा वास आला तो तेवढाच!

बाकल्याव हा तर त्याहून मोठा विनोद. खारवून सुकवलेला कॉड मासा हे पोर्तुगालचं राष्ट्रीय अन्न, आणि कॉड पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. पोर्तुगीज कोळी त्यासाठी पार न्यूफाउंडलंडपर्यंत जात; आज बराचसा माल नॉर्वेहून येतो. उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य, आणि खारवलेला मासा महिनोन्‌महिने टिकणारा, म्हणून तो आतल्या डोंगरी गावांतही पोचला. सुपरमार्केटात फळकुटांसारखे मासे एकावर एक रचलेले असतात. ते घरी नेऊन, पाणी बदलत बदलत एक-दोन दिवस भिजवायचे. त्या रचेजवळचा वास आमच्यातल्या मालवणी मित्राला इतका घरचा वाटला की त्याला तिथून हलवावं लागलं. पहिल्यांदा खाणाऱ्याने ‘आ ब्राश’ पद्धतीचा मागवावा : माशाचे तंतू, बटाट्याच्या तळलेल्या सळ्या, अंडं आणि वर काळे ऑलिव्ह.

एव्होराला लोक रोमन देऊळ आणि हाडांनी मढवलेलं चॅपेल बघायला जातात. बघावं. पण आलेन्तेजूच्या या गव्हाच्या पट्ट्यात यायचं ते असोर्दासाठी. शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर लसूण, मीठ आणि कोथिंबीर खलबत्त्यात कुटून केलेलं वाटण, तेल, वरून उकळतं पाणी आणि त्यात सोडलेलं एक अंडं. झालं जेवण! शेतमजुरांचं हे अन्न आता हॉटेलांच्या मेनूवर मानाने बसलंय. युरोपात एवढी हिरवीगार कोथिंबीर आम्हाला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पैसे वाचवायचे तर चार गोष्टी कळायला हव्यात. बसल्या बसल्या टेबलावर पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर सरळ परत पाठवावं, कोणी रागावत नाही. ‘मेया दोझ’ म्हणजे अर्धी प्लेट, आणि पुष्कळ ठिकाणी तीच एका माणसाला पुरते. दुपारी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवशीचं ठरलेलं जेवण, सगळ्यांत स्वस्त पडतं. आणि काउंटरशी उभं राहून बिफाना खावा : लसूण-वाईनमध्ये शिजलेले डुकराच्या मांसाचे पातळ काप, रस्सा निथळत पावात भरलेले. लसूण-वाईनची हीच रीत गोव्यात गेली, तिथे वाईनच्या जागी व्हिनेगर आलं, मिरची पडली आणि विंदालू झालं. उलट वाटेने समोसा आला. लिस्बनच्या कॅफेंत तो ‘शामुसा’ म्हणून काचेआड मांडलेला असतो.

पोर्तोच्या लोकांना ‘त्रिपैरुश’, म्हणजे आतडीखाऊ म्हणतात. १४१५ च्या सेउटा मोहिमेवर निघालेल्या आरमाराला शहराने सगळं मांस देऊन टाकलं आणि स्वतःसाठी फक्त वजडी ठेवली, अशी आख्यायिका आहे. खरी असो-नसो, पांढऱ्या घेवड्याबरोबर शिजवलेली वजडी लोक अजून अभिमानाने खातात. फ्रान्सेझिन्याचं कौतुक मात्र मला झेपलं नाही : पावात स्टेक, सॉसेज, हॅम, वर वितळलेलं चीज, भोवती बिअर-टोमॅटोचा सॉस. तिघांत एक पुरे. सांव बेंतू स्टेशनातल्या निळ्या फरशांवरची इतिहासचित्रं बघावीत, मग दों लुईश पुलावरून नदी ओलांडावी. पोर्ट वाईनची जुनी गोदामं पोर्तोत नाहीत, पलीकडच्या काठावरच्या गाया शहरात आहेत.

बरोबर शाकाहारी कोणी असेल तर त्याची पंचाईत आहे. काल्दु व्हेर्द हे बटाटा आणि बारीक चिरलेल्या हिरव्या पाल्याचं सूप निर्धोक वाटतं, पण वाढताना त्यात सॉसेजची चकती टाकतात. ‘सें शोरिसु’ असं आधीच सांगावं, आणि सूप मांसाच्या पाण्यात तर शिजवलेलं नाही ना, हेही विचारावं.