एका इंग्रज जमीनदार घराण्याची वंशावळ

इ. स. १४६६ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड यानें नॉरफोक परगण्यांतील पास्टन घराण्याविषयीं एक निर्णय जाहीर केला. नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें तेव्हांपासून हें घराणें कुलीन व सन्मान्य आहे, असा त्याचा आशय होता. तो मिळविण्यासाठीं पास्टनांनीं जुने लेख, गांवच्या न्यायसभेचीं दप्तरें आणि एक लांबलचक वंशावळ पुढें केली होती. एखाद्या सधन घराण्याला आपण कोणाचे वंशज हें राजाकडून ठरवून घेण्याची पाळी कां यावी, आणि ती वंशावळ कितपत खरी होती, या दोन प्रश्नांचा विचार आज आपणांपुढें करावयाचा आहे.

मध्ययुगीन इंग्लंडांत सर्व जमिनीचा अंतिम धनी राजा. राजाकडून सरदारांनीं, सरदारांकडून लहान जमीनदारांनीं जमीन धारण करावयाची, अशी ती उतरंड होती. तळाशीं बद्ध कुळें असत. त्यांना धन्याच्या शेतावर वेठीनें राबावें लागे. मुलीचें लग्न करावयाचें तर धन्यास पैसा भरावा लागे. घरचा कर्ता मेला म्हणजे गोठ्यांतलें उत्तम जनावर धन्याकडे जाई. मुख्य गोष्ट ही कीं, बद्ध मनुष्यानें जें मिळविलें त्यावर धन्याला हक्क सांगतां येई, आणि ही बद्धता बापाकडून मुलाकडे उतरे. म्हणून पणजा बद्ध होता असें सिद्ध झालें, तर पणतूच्या जहागिरीवरही गदा येण्याचें भय असे. वंशावळ ही त्या काळीं केवळ अभिमानाची वस्तु नव्हती. तिच्यावर घरदार अवलंबून होतें.

पास्टनांवर हेंच संकट आलें होतें. सर जॉन फॅस्टॉल्फ हा फ्रान्सच्या लढायांत धनवान झालेला योद्धा १४५९ मध्यें निपुत्रिक वारला. केस्टर येथील त्याचा किल्ला व विस्तीर्ण जमीन आपणांस मिळाली आहे, असा दावा त्याचा सल्लागार जॉन पास्टन यानें केला. मोठमोठे लोक आड आले. जॉनला तीन वेळां लंडनच्या फ्लीट तुरुंगांत जावें लागलें. त्यांतच, हे पास्टन मूळचे राजाचे बद्ध लोक होत, असा आरोप प्रतिपक्षानें केला. १४६६ च्या मे महिन्यांत जॉन मरण पावला, आणि घराण्याची लाज राखण्याचें काम त्याच्या मुलावर पडलें.

असल्या वादाचा निवाडा आज संशोधक कसा करतो? त्याचा पहिला नियम असा कीं, मूळ पुरुषापासून खालीं यावयाचें नाहीं; जें निश्चित ठाऊक आहे तेथून एकेक पिढी मागें जावयाचें. दुसरा नियम असा कीं, कुळाची स्तुति करण्यासाठीं लिहिलेल्या कागदापेक्षां, दुसऱ्याच कामासाठीं लिहिलेल्या कागदावर अधिक विश्वास ठेवावयाचा.

सुदैवानें असे कागद इंग्लंडांत विपुल आहेत. राजाकडून थेट जमीन धारण करणारा मनुष्य मेला म्हणजे सरकारी अंमलदार त्या भागांतील पंच बोलावी. मृताची जमीन कोणती, तो कोणत्या दिवशीं वारला, जवळचा वारस कोण व त्याचें वय काय, हें पंचांनीं शपथेवर सांगावयाचें. वारस अज्ञान असेल तर त्याच्या जमिनीचें उत्पन्न तो वयांत येईपर्यंत राजाला मिळे. म्हणून ही चौकशी कसोशीनें होई. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंतच्या अशा पुष्कळ चौकशा उपलब्ध आहेत. दुसरें साधन जमिनीच्या तडजोडींचें. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदां लिहून, नागमोडी कापून, दोन भाग पक्षकारांस द्यावयाचे व तळचा भाग सरकारांत ठेवावयाचा, अशी रीत ११९५ पासून चालू झाली. त्यांत पतिपत्नींचीं, मुलांचीं व भावांचीं नांवें वारंवार येतात. तिसरें साधन गांवच्या न्यायसभेच्या दप्तरांचें. मुलीच्या लग्नाबद्दल कोणी दंड भरला, हें त्यांत सांपडलें कीं भरणारा बहुधा बद्ध होता असें समजतें.

तथापि सावधगिरी हवी. बाराव्या-तेराव्या शतकांत अमक्या गांवचा तमका, एवढेंच पुष्कळांचें नांव असे. पास्टन हें मूळ एका गांवाचें नांव आहे. तेथून बाहेर पडलेल्या कोणालाही पास्टनकर म्हणत. ते सर्व एकाच रक्ताचे होते असें त्यावरून ठरत नाहीं. उलट, एकाच रक्ताच्या माणसांतही घोटाळा होतो. फॅस्टॉल्फच्या वारशासाठीं झगडणाऱ्या जॉन पास्टनचे पहिले दोन्ही मुलगे जॉन या एकाच नांवाचे होते व दोघेही वाढून मोठे झाले! शिवाय जमीन मुलीच्या हातूनही फिरे. या जॉनची आई व पत्नी दोघीही आपापल्या बापाच्या वारस होत्या. फक्त आडनांवाचा माग काढणाऱ्यास ही वाट दिसत नाहीं.

आतां राजापुढें ठेवलेली वंशावळ पाहूं. तिच्यांत मूळ पुरुष म्हणून वुल्स्टन नांवाचा मनुष्य येतो. तो फ्रान्सांतून आला व पास्टनजवळील ब्रॉमहोमचा मठ स्थापन करणाऱ्या ग्लॅनव्हिल याचा आप्त होता, असें सांगितलें आहे. परंतु वुल्स्टन हें नांव नॉर्मन नव्हे. तें जुनें इंग्रजी, म्हणजे जिंकलेल्या लोकांचें नांव आहे. विजेत्यांबरोबर आलेल्या सरदाराला जितांचें नांव असावें, ही पहिलीच शंका. शिवाय त्याच्यापासून पंधराव्या शतकापर्यंत एकेक पाऊल मागें जाऊन पोंचतां येत नाहीं.

उलट, पास्टनांच्या कोणा शत्रूनें लिहिलेला एक छोटा कागद उपलब्ध आहे. त्याचें म्हणणें असें : क्लेमेंट पास्टन हा साधा, भला शेतकरी. त्याची जमीन फार तर शंभर-सव्वाशें एकर, तींतही बरीच बद्ध धाऱ्याची. हिंवाळा-उन्हाळा स्वतः नांगर धरावयाचा, खोगिराशिवाय घोड्यावर बसून दळण न्यावयाचें, गाडींत धान्य भरून विंटरटनच्या बाजारीं जावयाचें. त्याची बायको बद्ध कुळांतली. मुलगा विल्यम याला शाळेंत घालण्यासाठीं त्यानें वारंवार कर्ज काढलें. पुढें मामाच्या मदतीनें विल्यम कायदा शिकला. हा विल्यम १४२९ मध्यें न्यायाधीश झाला आणि त्यानेंच पास्टन गांवांत व इतरत्र जमिनी खरेदी केल्या.

कागद द्वेषानें लिहिलेला आहे, हें उघड आहे. तरी त्यांतील तपशील शेजाऱ्यापाजाऱ्यांस पडताळून पाहतां येण्यासारखा होता. क्लेमेंटचें १४१९ चें माफक मृत्युपत्र त्याच्याशीं जुळतें, आणि विल्यमच्या पूर्वीं हें घराणें मोठें होतें असें दाखविणारा भरंवशाचा पुरावा पुढें येत नाहीं. म्हणून आजचे इतिहासकार सामान्यतः शत्रूच्या कागदाचा गाभा मान्य करतात व राजमान्य वंशावळ बाजूस ठेवतात. मात्र कायद्यानें पास्टन सुटलेच असते, असें म्हणण्यास जागा आहे. बद्ध धाऱ्याची जमीन स्वतंत्र मनुष्यालाही कसतां येई. आणि औरस मूल बापाची स्थिति घेई, आईची नव्हे. म्हणजे क्लेमेंट स्वतः मुक्त असेल तर त्याचा मुलगा मुक्तच. त्यांना वुल्स्टनची गरज न्यायासाठीं फारशी नव्हती. ती प्रतिष्ठेसाठीं होती.

पुढें हें घराणें आणखी चढलें. १६७९ मध्यें रॉबर्ट पास्टन यार्मथचा अर्ल झाला. १७३२ मध्यें दुसरा अर्ल वारला आणि ती पदवी संपली. पण तत्पूर्वींच्या पिढ्यांनीं जपून ठेवलेलीं पत्रें राहिलीं. १७८७ मध्यें जॉन फेन यानें त्यांतील कांहीं प्रथम छापलीं, आणि तेव्हांपासून पंधराव्या शतकांतील इंग्रज घरांतील भांडणें, लग्नें, खरेदी व काळजी आपणांस त्याच माणसांच्या शब्दांत वाचतां येतात. त्या पत्रांत क्लेमेंटच्या नातवाची पत्नी मार्गारेट नवऱ्याच्या गैरहजेरींत शेतें, कुळें व दावे सांभाळतांना दिसते. राजाच्या निर्णयानें घराण्याला एक कल्पित पूर्वज मिळाला. कर्ज काढून मुलाला शिकविणारा खरा पूर्वज मात्र शत्रूच्या हस्ताक्षरांतच जिवंत राहिला. वंशावळ शोधणाऱ्यानें दोन्ही कागद वाचावे, आणि दुसऱ्या पूर्वजाची लाज बाळगूं नये.