जुन्या कॅम्पर व्हॅनचे टायर: आधी तारीख पाहा

यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणाऱ्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या टायरची नक्षी शाबूत दिसते. पण वर्षातले कितीतरी महिने उन्हात उभं राहून रबर कडक झालेलं असतं.

टायरच्या कडेवर ‘डीओटी’च्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. सांगलीतला दुकानदार ‘अगदी ताजा माल’ म्हणाला, तरी हे आकडे वाचावेतच! दहा वर्षं झाली की टायर बाद, नक्षी कितीही असो.

भारांक १०४ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ९०० किलो, ११२ म्हणजे ११२०. पलंग, पाण्याची टाकी, सिलिंडर भरूनच गाडी काट्यावर घालावी. ऊसपट्ट्यात वजनकाट्यांना काय तोटा! कंपनीने सांगितलेल्या भारांकाखालचा कारचा स्वस्त टायर रिमवर बसला, तरी घेऊ नये.

स्टेपनीचीही तारीख पाहावी. बहुधा तीच सर्वांत जुनी निघते.